चिठ्ठीवर आलेलं झाकण

बाबू,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी भांडले. आधी हेच सांगून टाकते. तू असतास तर पहिलं विचारलं असतंस, "अक्का, कुणाशी?" का भांडलीस असं तू कधी विचारायचा नाहीस. कुणाशी, एवढंच. पुढचं तुझं तू ओळखायचास.

तर तुझ्या मोठ्या साहेबांशी. कोपरखैरण्याच्या आपल्या विहारात, भर शोकसभेत, भन्तेजी समोर बसलेले असताना.

हे छापून येणार आहे म्हणतात. म्हणजे तुला न ओळखणारेही वाचतील आणि म्हणतील, धाकटा भाऊ गेला आणि ही बाई साहेबाशी काय भांडत बसली. म्हणून त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, कंटाळलास तरी ऐक. मी तुझं काय कमी ऐकलंय का!

लोक मला विचारायचे, "सुधाकरराव कंपनीत काय करतात?" मी सांगायची, "समुद्रातली तेलाची विहीर फुटली तर काय करायचं, ते ठरवतात." समोरचा डोळे मोठे करायचा. "फुटली आहे का?" "नाही." "मग रोज काय करतात?" मला उत्तर यायचं नाही. खरं सांगते, बरीच वर्षं मलाही वाटायचं, माझा भाऊ एसीत बसून न झालेल्या अपघाताचा पगार खातो.

ते कळलं आपल्या सोसायटीतला पाइप फुटला त्या दिवशी. गच्चीवरच्या टाकीखालचा मोठा पाइप. पाणी जिन्यावरून असं उतरत होतं, की तळमजल्यावरच्या बायका खराटे घेऊन उभ्या. वॉल्व्ह कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक. "आणीबाणीत काय करावे" अशी पाटी लिफ्टशेजारी, काचेच्या चौकटीत. पण वॉल्व्ह गच्चीवर, गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरींच्या खिशात आणि सेक्रेटरी खांदेश्वरला, मुलीकडे जेवायला. शेवटी तू आणि वॉचमनने कुलूप तोडलंत. तू भिजून चिंब खाली आलास आणि जिन्यातच बसून हसत सुटलास. मी ओरडले, "हसतोस काय मेल्या, माझ्या पिठाच्या डब्यात पाणी गेलं!" तर म्हणालास, "अक्का, हीच माझी नोकरी. पाटी इथे आहे. चावी खांदेश्वरला आहे."

त्या दिवसापासून मी तुझं बोलणं कान देऊन ऐकायला लागले.

तुझी चावी मात्र खांदेश्वरपेक्षा पुष्कळ लांब होती. विहिरीच्या तोंडावर, पार समुद्राच्या तळाशी, एक अवजड लोखंडी यंत्र बसवलेलं असतं. खालून दाब उसळला की त्याने तोंड आवळायचं. बहुतेकदा आवळतं. एखाद्या वेळी नाही आवळलं, तर तेल आणि वायू मोकळे सुटतात. वर पाण्यावर, विहीर खणणाऱ्या रिगवर, माणसं असतात. स्वयंपाकी, वेल्डर, रंगारी, ठेकेदाराची माणसं. आधी ती. मग मासळी, मग किनारे, मग त्या मासळीवर जगणारी गावं. अशा वेळी त्या फुटक्या तोंडावर दुसरं झाकण नेऊन बसवावं लागतं. तुम्ही त्याला कॅप म्हणायचात, मी झाकणच म्हणते.

हे झाकण म्हणजे घराएवढं लोखंड. तुझ्या कंपनीकडे ते नाही. जगात मोजक्या बंदरांवर अशी झाकणं ठेवलेली असतात. कंपन्या त्यांच्या वर्गणीदार होतात आणि वेळ आली की मागवायची. बरं, मागवलं. पण ते न्यायला जड क्रेनचं जहाज हवं, आणि ते जहाज त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या कामावर नको. परदेशी जहाज असेल तर परवानग्या हव्यात. तुमच्या विहिरी इतक्या खोल, की माणूस तिथे उतरू शकत नाही. मग तोंडाशी पडलेलं मोडकं लोखंड कापायला यंत्रं उतरवायची, ती चालवणारे हवेत. आणि खालून वायू उसळत असताना जहाज उभं कुठे करायचं, तेही ठरलेलं हवं. बाजूने दुसरी विहीर खणून पहिली बुजवता येते, पण त्यात महिने जातात. तोवर वाहतंच आहे.

बघ, एक अक्षर विसरले नाही. पोळ्या लाटत ऐकलंय सगळं.

तू माझ्या दुकानातच यायचास ना साहेबांपुढच्या बोलण्याची तालीम करायला! ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून लॅपटॉप उभा करायचास. तुझी बायको, मीना, म्हणायची, "वाशीला तुमचं पोळीभाजीचं दुकान आहे की ह्यांचं ऑफिस, तेच कळत नाही." तू बोलत राहायचास, मी लाटत राहायची, आणि मला जांभई आली की तू थांबून खटकन लॅपटॉपवरचं ते चित्र काढून टाकायचास. "अक्काला जांभई आली म्हणजे साहेब झोपणारच." एकदा मी लागोपाठ जांभया दिल्या तर तू म्हणालास, "अगं थांब, आता नाव आणि धन्यवाद एवढंच उरलंय." किती हसलो होतो आपण. पोळी जळली.

आणि एक गोष्ट तू कधी हसत सांगितली नाहीस. परदेशात अशी विहीर फुटली होती तेव्हा टीव्हीवर समुद्राच्या तळातून काळं उसळताना दाखवायचे, महिनोन्‌महिने. तू ताट हातात घेऊन बघत बसायचास. जेवायचा नाहीस. त्यानंतर मग ही झाकणं बनवून ठेवायला लागले, असं तूच सांगितलंस. "म्हणजे जगाने धडा घेतला," मी म्हटलं. तू म्हणालास, "धडा घेतला. पाठ पण केला. कृती आली की गाडी अडते."

आता त्या चिठ्ठीचं सांगते. मला ते सांगितल्याशिवाय चैन नाही.

दर वर्षी तुमची मॉक ड्रिल व्हायची, विहीर फुटल्याची रंगीत तालीम. बेलापूरच्या हॉटेलात, एसी हॉलमध्ये. टेबलावर नकाशे. एक माणूस ठरल्या वेळी चिठ्ठ्या वाटणार. "वारा बदलला." "टीव्हीवाले गेटवर आले." "कॅप घटनास्थळी पोचली." चिठ्ठी आली की ते घडलं असं धरायचं आणि पुढे जायचं. चहाच्या आधी विहीर फुटायची, चहानंतर कॅप निघायची, जेवणाआधी पोचायची, जेवून आलं की विहीर बंद. टाळ्या. एवढा समुद्र, एवढं लोखंड, आणि सगळं बुफेच्या वेळेत!

त्या वर्षी चिठ्ठ्या वाटायचं काम तुझ्याकडे आलं. तू कॅपची चिठ्ठी खिशात घातलीस आणि बसून राहिलास.

"सुधाकर, पुढची चिठ्ठी?"

"नाही देता येत, सर. कॅप आलेली नाही."

"अरे, चिठ्ठीत लिहिलंय ना आली म्हणून!"

"जहाजाचं नाव सांगा सर, लगेच देतो."

कुणीतरी म्हणालं, "कुठलं पण लिही ना यार." दुसरा म्हणाला, "लग्नपत्रिका छापायची आहे का, नाव कशाला?" सगळे हसले. तू पुन्हा विचारलंस. कुठलं जहाज? आज ते कुठे आहे? कुठल्या बंदरातून लोखंड चढवणार, तिथली क्रेन एवढं वजन उचलते का? परवानगीचा फोन कुणाला करायचा, त्या माणसाला माहीत तरी आहे का की त्याला फोन येणार आहे? एकालाही सांगता येईना. मग मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "सुधाकर, जेवण थंड होतंय."

आणि उठले रे सगळे. तुला तिथे बसवून उठले. तिकडे त्यांच्या नकाशावर समुद्र पेटलेला आणि हे पनीरच्या रांगेत! जेवून आल्यावर दुसऱ्याच कुणीतरी नवी चिठ्ठी लिहिली. कॅप आली. विहीर बंद. ग्रुप फोटो. त्या फोटोत तू एका कडेला आहेस, शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभा.

पुढच्या वर्षी तुला ड्रिलमधून काढलं आणि सुरक्षा सप्ताहाच्या चित्रकला स्पर्धेला लावलं. "हेल्मेट घाला" अशी पोस्टरं घेऊन तू घरी आलास तेव्हा माझं डोकं सणकलं. त्यावरून आपलं जे वाजलं, ते अजून अर्धंच राहिलंय.

मी म्हटलं, "सोड ही नोकरी. बाहेर ये. पेपरात लिही, कोळीवाड्यात जाऊन सांग, ओरड."

"बाहेरून ओरडणाऱ्याला ते छापील पत्रक पाठवतात, अक्का. आतल्याला निदान उत्तर द्यावं लागतं."

"दिलं का उत्तर?"

तू पोस्टरांची गुंडाळी करायला लागलास.

"चिठ्ठी अडवलीस ना? दुसरी लिहिली त्यांनी."

"पण लिहायला तरी लागली," तू म्हणालास. "तेवढा वेळ त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, की कॅप आलेली नाही. चहा टाक."

मी चहा टाकला, पण पटलं नाही मला. आजही नाही पटलेलं. तू आत राहिलास, झिजलास, आणि ते खुर्च्या गरम करत राहिले. शहाणपणाचा मुद्दा असेल तुझा. माझा रागाचा आहे, आणि रागालाही कधीकधी कळतं. पण आता समोरून बोलणारा कुणी नाही. भांडण जिंकायचं असतं तर असं नव्हतं जिंकायचं मला, बाबू.

तर पुण्यानुमोदन. विहार भरलेला. गावाकडचे आलेले, सोसायटीतले, बोनकोड्याचे तुझे कॅरमवाले, सगळे. तुझ्या ऑफिसचे मागच्या रांगेत, पांढरे शर्ट घालून आलेले, कुणीतरी सांगितलं असणार. भन्तेजींनी त्रिसरण पंचशील दिलं. ऑफिसवालेही हात जोडून मागून म्हणत होते. जीवहत्या करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, सगळं क्रमाने. चौथं, खोटं बोलणार नाही. मोठ्या साहेबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. चांगला खणखणीत आहे.

मग आदरांजली सुरू झाली. कॅरमवाल्याने तू हरल्यावर कसा स्ट्रायकरला दोष द्यायचास ते सांगितलं. लोक रडता रडता हसले. मग साहेब उठले. तू किती कष्टाळू, किती विनम्र. विनम्र! मी मान खाली घालून ऐकत होते. आणि मग म्हणाले, "आज समुद्रातल्या कुठल्याही आपत्तीला आमची कंपनी पूर्ण सज्ज आहे, आणि याचं श्रेय सुधाकरला जातं."

मी उभी राहिले. मला आठवत नाही कशी.

"साहेब, आत्ताच आपण सगळ्यांनी काय म्हटलं?"

त्यांना कळलं नाही. "जी?"

"पंचशील घेतलंत ना मागून? चौथं कुठलं होतं?"

कमिटीचे अध्यक्ष हळूच म्हणाले, "अक्का, प्रसंग काय आणि..." मीनाने माझा पदर ओढला. मी म्हटलं, "पदर सोड. साहेब, एवढंच सांगा, झाकण आणायचं जहाज ठरलं का?"

साहेब हसल्यासारखं करून म्हणाले, "ताई, हा टेक्निकल विषय आहे."

"नाही हो. जहाज ठरलं, नाही ठरलं. यात टेक्निकल काय? माझा भाऊ हेच विचारत होता, तेव्हा तुम्ही जेवायला उठलात. आज त्याच्या नावाने इथे उभं राहून सांगताय सज्ज आहे. त्याने आयुष्यभर जे खोटं अडवलं, ते त्याच्याच फोटोसमोर त्याच्याच तोंडी घालताय?"

अध्यक्ष पुन्हा उठायला लागले तर भन्तेजींनी हात वर केला. म्हणाले, "प्रश्न साधा आहे. उत्तर द्यायचं तर द्या, नसेल तर शांत बसू." साहेब खाली बसले.

भोजनदानाच्या वेळी तुझ्या ऑफिसची एक मुलगी माझ्याजवळ आली, रुपाली. माझा हात धरून म्हणाली, "अक्का, त्या ड्रिलला मी पण टेबलावर होते. मी पण जेवायला उठले." मी तिला जवळ घेतलं आणि खीर वाढली.

मीना मात्र चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदाचा बांध फुटला. "अक्का, तुम्ही त्यांच्या शेवटच्या कार्यात तमाशा केलात. तुम्ही भांडलात आणि घरी गेलात. त्या लोकांचा राग घेऊन हे घरी यायचे तो माझ्याकडे. न बोलता भिंतीकडे बघत बसायचे, ते मी बघितलंय. मला आता शांतता हवी." मी ऐकून घेतलं. तिचा तो हक्कच आहे. तुझी बायको आहे ती. मी नुसती बहीण.

आणि मग परवा साहेब घरी आले. मला मीनानेच फोन केला, "येता का?" एवढंच. मी दुकान तसंच टाकून गेले.

साहेब सोफ्याच्या टोकावर बसले होते. बरोबर हार आणि फाइल. म्हणाले, जे झालं ते झालं, कंपनीला तुझ्याबद्दल फार आदर आहे. ड्रिलच्या हॉलला तुझं नाव द्यायचं ठरलंय. फोटो लावणार. पुढच्या ड्रिलची सुरुवात मीनाच्या हस्ते. कुटुंबाची संमती हवी, बस.

माझ्या तोंडात शब्द आलेच होते. काय आले होते ते छापणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. ज्या खोलीत तुला एकटं बसवून उठले, त्याच खोलीला तुझं नाव! म्हणजे पुढे कुणी हात वर केला तर त्याला म्हणायला मोकळे, अरे, सुधाकरच्या हॉलमध्ये बसून शंका काय काढतोस! मला हे दिसत होतं, आणि मी मीनाकडे बघत होते. ती हो म्हणाली असती तर मी काहीच करू शकत नव्हते, बाबू. तुझं नाव आता तिच्या ओंजळीत. ती दमलेली. शांतता मागणारी.

मीनाने पाण्याचा ग्लास साहेबांपुढे ठेवला आणि विचारलं, "सर, खरोखरचं जहाज बोलावून, खरोखरचं तेवढं वजन चढवून, समुद्रात त्या जागेपर्यंत कधी नेऊन बघणार?"

"मॅडम, त्याचा विचार चालू आहे. पण ते मोठं काम आहे. बऱ्याच मंजुऱ्या, बजेट..."

"मग ते कराल तेव्हा त्या कामाला ह्यांचं नाव द्या. हॉलला नको."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच तिला पढवलं होतं. मी तर तोंड मिटून बसले होते! म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजून घ्या. त्याला वर्षं लागतील."

मीना म्हणाली, "लागू देत. त्यांना आता कसली घाई?"

साहेबांनी ग्लास उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. "बघतो," म्हणाले, आणि बूट घालायला लागले. हार टीपॉयवरच राहिला. मीनाने तो उचलून त्यांच्या हातात दिला.

बघतो म्हणाले, बाबू! तुला घाई नाही, पण विहिरीला आहे की नाही ते कुणाला माहीत? ती काही मंजुरी विचारून फुटणार नाही. रिगवर आत्ता, मी हे लिहीत असताना, कुणीतरी संध्याकाळच्या भाजीला फोडणी घालतोय. त्याच्या घरी कुणीतरी वाट बघतंय. त्याच्यासाठी जहाज ठरलेलं नाही, हे आज मला माहीत आहे, मीनाला माहीत आहे, रुपालीला माहीत आहे, आणि हे वाचणाऱ्यालाही आता माहीत झालं. मी बाहेरची आहे, मी ओरडणार. तुझी पद्धत तुझ्याजवळ.

तुला शांती लाभो, असं सगळ्यांनी लिहिलंय. मी नाही लिहीत. इतक्यात शांत होऊ नकोस. जयभीम.

तुझी अक्का